साडेतीनचा पाढा

आमच्या शनिवार पेठेतल्या मुलींच्या शाळेत पावकी, निमकी, दिडकी तिसरीपर्यंत पाठ असावी लागे. चौथीत औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. गणिताच्या बाईंचे आजोबा एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी शाळेत मास्तर होते. "त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलाला बाजारात कोणी फसवू शकत नसे," असं बाई सांगत. शिकवायची रीतही त्यांचीच. बाई तोंडी हिशेब घालत आणि जिला उत्तर येई तिनं न येणाऱ्या मुलींच्या थोबाडीत द्यायची.

मला उत्तरं येत. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण बुधवार पेठेतल्या पुस्तकबांधणी करणाऱ्याची मुलगी. वडिलांच्या दुकानात ती नुसत्या नजरेनं कागद बरोबर मापून कापायची, पण औटकी काही तिच्या तोंडात बसत नव्हती.

त्या दिवशी बाईंनी तिला विचारलं, "एका परकराला साडेतीन वार कापड, तर नऊ परकरांना किती?"

ती गप्प उभी राहिली. मी म्हटलं, "साडेएकतीस वार."

"मग दे तिला."

मी तिच्या गालाला नुसता हात लावला.

"गोंजारायला नाही सांगितलं," बाई म्हणाल्या. "नीट दे, नाहीतर तुला मी देते."

मी डोळे मिटून मारलं. हात कानावर बसला. ती रडली नाही. कान तळहातानं दाबून खाली बसली. बाई मला "शाबास" म्हणाल्या आणि खरं सांगायचं तर मला ते बरं वाटलं.

आठवडाभर ती आली नाही. मग तिची आई वर्गाच्या दारात आली. "पोरीच्या कानातून पू येतोय, बाई."

"पाढा पाठ केला असता तर ही वेळ आली नसती," म्हणून बाई फळा पुसू लागल्या. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी वहीत मान घातली. त्याच दिवशी तिनं मुलीचं नाव शाळेतून काढलं.

पुढे मीटर-किलोची नवी पुस्तकं आली. "औटकी आता विसरा," बाईंनी एका सकाळी सांगितलं. तेवढंच.

मीही शिक्षिका झाले. बऱ्याच वर्षांनी शाळेचे हजेरीपट बांधायला टाकायचे म्हणून बुधवारात गेले, तर दुकानात तीच. मी हाक मारली. दुसऱ्या हाकेला तिनं वळून पाहिलं.

"या बाजूनं बोला. डाव्या कानानं ऐकू येत नाही."

मी कोण ते सांगू लागले.

"ओळखलं मी," ती म्हणाली. "बाईंनी सांगितलं म्हणून मारलंत, असंच ना?"

"हो. पण नंतर मी तुझ्या घरी एकदाही आले नाही. ते बाईंनी नव्हतं सांगितलं."

हजेरीपटांचा गठ्ठा तिनं ओढून घेतला.

"मंगळवारी न्यायला या," म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

मंगळवारी मी शाळेच्या शिपायाला पाठवलं.