करीमचाचा आणि आडवा बाजार

शेअरबाजाराचा आलेख हातात आला की करीमचाचा आधी त्यावर पुठ्ठा ठेवायचे. डावीकडची बारीक पट्टी तेवढी उघडी, बाकी सगळं झाकलेलं. मग पुठ्ठा एकेक दिवस उजवीकडं सरकवत विचारायचे, "आज काय करशील? घेशील, विकशील, का गप बसशील? आत्ता सांग. पुढचं दिसायला लागलं की सगळेच हुशार असतात."

औरंगपुऱ्यात त्यांच्या मुलाचं झेरॉक्सचं दुकान होतं. चाचांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, पैठणच्या धरणाची पाणीपातळी लिहिण्यात गेलेली. निवृत्तीनंतर शेअरमध्ये एकदा हात पोळले, तेव्हापासून हा पुठ्ठा. कामगारांसाठी लढणाऱ्या आमच्या मंडळाची पत्रकं तिथंच निघायची आणि छापण्याआधी चाचा प्रत्येक ओळ वाचायचे. मला त्याचा भयंकर राग यायचा. पहिल्याच भेटीत म्हणाले, "बेटा, उद्गारचिन्हं लई झाली. एवढी शाई कुठनं आणू?"

शहरात ट्रेडिंगचे क्लास गल्लोगल्ली निघाले तेव्हा मी पेटले. कामावर जाणाऱ्या पोरांना 'साहेबाला रामराम ठोका, मोबाइलवर कमवा' असं सांगायचं आणि फी उकळायची, ही लूट नाही तर काय? बुडालेल्या सहा जणांच्या कहाण्या घालून मी पत्रक लिहिलं. नेमका त्याच आठवड्यात माझा सख्खा भाऊ, संदीपदादा, वाळूजच्या कंपनीतल्या कायम नोकरीचा राजीनामा टाइप करून घरी आला.

क्लासनं त्याला सूत्र दिलं होतं. भाव वीस दिवसांच्या सरासरीच्या वर गेला की घ्यायचं, खाली आला की विकून मोकळं व्हायचं. "दीड वर्षाचा आलेख बघ, नफाच नफा. आई उगं रडतीय," तो म्हणाला. दोन लहान पोरी घरात. वहिनीनं बोलणं टाकलेलं. मी त्याला ओढतच चाचांकडं नेलं. हे सूत्र फसवं आहे, एवढं एक वाक्य मला त्यांच्या तोंडून हवं होतं. पत्रकात छापायला आणि दादाच्या तोंडावर फेकायला.

चाचांनी आलेख पाहिला. "हे दीड वर्ष चढाचं हाय. धरण काठोकाठ भरल्यावर कालवा तपासत नसतेत रे, तेव्हा पाणी सगळीकडंच पोचतं. नुसतं घेऊन झोपला असतास तर किती झालं असतं?"

दादानं आकडे मांडले. झोपलेल्याला जास्त मिळत होतं. त्याचा चेहरा उतरला, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"आता पडता बाजार बघा," मी घाईनं म्हणाले. चाचांनी करोनातली घसरण काढली. पुठ्ठा सरकला आणि सूत्र चौथ्याच दिवशी बाहेर पडलं. थोडक्यात वाचलं.

"पडत्यात शरीफ हाय हा फॉर्म्युला," चाचा म्हणाले. "खोटं नाय बोलणार मी."

"चाचा, तुम्ही नेमके कुणाच्या बाजूनं?"

"मी पातळी लिहिणारा माणूस. साहेबाला आवडंल ती लिहिली असती तर पैठण कधीच वाहून गेलं असतं." मग माझं पत्रक पुढं सरकवलं. "तू बुडालेले वेचले, क्लासनं तरलेले वेचले. फरक काय झाला, बेटा?"

मी चिडून पत्रक उचललं आणि पिशवीत कोंबलं.

चाचांनी दादाला आणखी आलेख छापून दिले. ना चढ ना उतार, दोन वर्षं नुसता आडवा बाजार. "घरी ने. पुठ्ठा तूच सरकव. बायकोला शेजारी बसव, ती लिहील."

आठवडाभर ड्यूटीवरून आल्यावर दोघं चहा घेऊन बसायचे. सूत्र आज घे म्हणायचं, चार दिवसांनी विक, लगेच पुन्हा घे. मोठा दणका कुठंच नाही. दर वेळी थोडं कुरतडलेलं, वर दलाली. सगळे कागद संपल्यावर वहिनीनं वही मिटली आणि कितीतरी दिवसांनी नवऱ्याशी बोलली, "अहो, ह्या दोन वर्षांत पोरींची फी कशातून भरली असती आपण?"

दुसऱ्या दिवशी दादानं दुकानात येऊन राजीनामा गल्ल्यावर ठेवला. "चाचा, सूत्र वाईट नाय. पण ह्याच्यावर घर चालत नाय. थोड्याशा पैशात करून बघीन, नोकरी राहू दे."

चाचांनी कागद उलटा केला, मागची बाजू कोरी आहे बघितलं आणि पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात सारला. एवढंच. ना उपदेश, ना शाबासकी. मी मात्र दुकानाच्या पायरीवर बसून रडले. लढा हरल्यावरही रडले नव्हते कधी.

बुडालेल्यांच्या कहाण्या मी पत्रकात ठेवल्या, पण त्यांच्या आधी, अगदी वरती, एक मागणी घातली: क्लासवाल्याला चढता, पडता आणि आडवा, तिन्ही काळांचे आलेख मागा. एका क्लासवाल्यानं त्यावरून मला फोनवर शिव्या घातल्या. चाचांना सांगितलं तर लहान मुलासारखे हसले.

पुढं बाजार खरंच आडवा झाला आणि बराच काळ तसाच पडून राहिला. मागच्या थंडीत चाचा गेले. दुखणं लांबलं नाही. पहिल्या पाळीची रजा टाकून दादा खांदा द्यायला आला. रजा टाकायला त्याच्याकडं नोकरी होती.