सोनाळ्यात रुसलेला पोलिश बाप

शेगाव स्टेशनावर माझ्यामागून पाच युरोपीय नट, दोन ढोल आणि चौकटीसकट एक लाकडी दार उतरलं. हमालाने डोळे विस्फारले. "सर्कस हाय का, भाऊ?"

"त्याहून भारी! नाटक आहे. पाच भाषांतलं, आणि एकही भाषा आपली नाही!"

मी सूत्रधार. सुरुवातीला मराठीत गोष्ट सांगायची आणि बाजूला व्हायचं. गोष्ट सोपी आहे. मुलगी मनासारखं लग्न करते म्हणून बाप मांडवात रुसून बसतो, जेवत नाही आणि दार उघडून कायमचा निघून जातो. मुलगी हंगेरियनमध्ये रडते, नवरदेव फ्रेंचमध्ये विनवतो, बाप पोलिशमध्ये भांडतो.

पण सोनाळ्याच्या आदल्या दिवशी डोणगावच्या प्रयोगात निम्मे लोक मधेच उठून गेले होते. दिग्दर्शिका ज्युलिया इटलीची. तिने ठरवून टाकलं, सोनाळ्यातही लोक उठले तर पुढचे प्रयोग तोडक्या हिंदीत. तरुण नटांनी हिंदी वाक्यं घोकली होती. बापाचं काम करणाऱ्या सत्तरीच्या तादेउशच्या जिभेवर मात्र एक शब्द टिकेना. म्हणजे त्याचं काम कापलं जाणार आणि म्हातारा घरी जाणार.

सोनाळ्याच्या वाटेवर सातपुड्याची निळी रांग दिसली. सगळे फोटो काढत सुटले. तादेउश मांडीवर हात ठेवून बसला होता.

दुपारी गावातले जाणते शेतकरी किसनराव यांच्याकडे जेवण. रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे), वांग्याची भाजी, तूप. तादेउशने मिरचीचा ठेचा चमचाभर तोंडात टाकला आणि ढसाढसा रडू लागला.

"काऊन रडून राह्यले हे बाबा?" किसनरावांच्या बायकोने विचारलं. "अवो, त्याहीले तूप वाढा ना कोनी!"

संध्याकाळी शाळेच्या मैदानावर प्रयोग सुरू झाला. तादेउश ताट ढकलून, पंगतीकडे पाठ करून बसला. मागचे काही लोक धोतर झटकत उठले. विंगेत ज्युलियाचा चेहरा उतरला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून किसनरावही उठले. संपलं, मी मनात म्हटलं.

किसनराव सरळ रंगमंचावर चढले!

इकडे लग्नात कुणी रुसलं की पंगत थांबते. जाणता माणूस जाऊन समजूत काढतो, तोवर कुणी घास उचलत नाही. आणि बाप रुसलाय हे मीच तर मराठीत सांगितलं होतं!

"सोयरे, उठा," किसनराव शेजारी उकिडवे बसले. "पोरीच्या लग्नात असं करते का मानूस?"

तादेउश क्षणभर गोंधळला. मग त्याने पोलिशची अशी सरबत्ती केली की ढोलही गप्प झाले.

"हाव, हाव, तुमचं बराबर हाय. जवाई मलेबी बावळट दिसते. पन पोरीले पसंत हाय ना!"

मैदान हसलं. उठलेले लोक परत फिरून पुढे सरकले. ज्युलिया मला खुणावत होती, त्यांना खाली उतरव. मी मन लावून चष्मा पुसत राहिलो.

"नवरदेवाले पाय धराले लावा!" कुणीतरी ओरडलं. हंगेरियन नवरीने फ्रेंच नवऱ्याला ढकललं. तो पाया पडला. तादेउश उठला, नाटकात ठरल्याप्रमाणे दाराशी गेला, कडीवर हात ठेवला.

किसनरावांनी ताट उचललं. ताट रिकामं होतं. त्यांनी त्यातून नसलेला घास मोडला, नसलेल्या तुपात बुडवला आणि तादेउशच्या तोंडापुढे धरला.

म्हाताऱ्याने घासाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, कडी सोडली आणि तोंड उघडलं.

शिट्ट्या, टाळ्या! ज्युलिया डोळे पुसत मला म्हणाली, "उद्या पोलिशच."

दुसऱ्या दिवशी साखरखेर्ड्याला एक आजी उठल्या. त्यांनी समजूत वगैरे काढली नाही, तादेउशला सरळ झापलंच. तो खूश होऊन जेवायला बसला.

पुण्याला परतल्यावर मित्र म्हणाला, "आपल्याकडेही लावू या की प्रयोग!" मी हो म्हणेना. आपण तिकीट काढून शिस्तीत खुर्चीत बसणार, माणूस किती छान रुसलाय म्हणून टाळ्या वाजवणार, आणि तो बिचारा दार उघडून निघून जाणार.