मनोहरकाकांचं हिरवंगार लॉन

मनोहरकाका तीस वर्षं कोलोरॅडोच्या डोंगरांत बर्फात नळी खुपसायचे, तिचं वजन करायचे आणि उन्हाळ्यात पाणी किती मिळेल ते सांगायचे. रिटायर झाले तरी खोड गेली नाही. यंदा मार्चमध्येच म्हणाले, "डोंगर उघडे पडलेत. नद्यांना पाणी येणार कुठून?"

झालंही तसंच. डेन्व्हरजवळच्या आमच्या गावाने जूनमध्ये लॉनला पाणी घालायला बंदी केली. पण आमच्या कॉलनीच्या कमिटीला अक्कल कोण शिकवणार? तिची काकांना नोटीस आली: लॉन पिवळं पडलंय, आठ दिवसांत हिरवं करा.

काकांनी गुपचूप वीणाकाकूंचा हिरव्या रांगोळीचा डबा पळवला आणि चहाच्या गाळणीने ती रांगोळी समोरच्या लॉनवर भुरभुरवली. कमिटीच्या बाई गाडीतूनच बघून खूश! वर विचारतात, "पाणी किती घालता?"

"थेंबसुद्धा नाही," काका म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमतच नाही.

काकू मात्र भडकल्या. "आता दिवाळीला दारात काय काढू?"

"पुण्याहून मागव की," काका म्हणाले. "पण पुडी नको, पोतं मागव. पुढच्या हिवाळ्याचा मला भरवसा नाही."