दादाच्या तारा, आप्पांचं गाणं

नेवाशाला शेजारच्या दुकानात माझ्यासाठी फोन आला, तेव्हा मी पोरांचे डबे भरत होते. पलीकडून वहिनी एवढंच म्हणाली, "ताई, लगेच निघा... हे गेले." सुधाकरदादा, माझा थोरला भाऊ. नागापूरच्या एमआयडीसीत फिटर होता. पहिल्या पाळीला गेला, छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. या गोष्टीला आता काही आठवडे झालेत. लोक भेटायला येतात आणि विचारतात, "तेच ना, घरात गाण्याची मशिनं जमवलेले?" हो, तोच. पण त्या मशिनांवर त्यानं एकदा काय केलं, हे घराबाहेर फारसं कोणाला ठाऊक नाही.

आमचे वडील, आप्पा, गायन पार्टीचे गायक. जयंतीच्या दिवसांत त्यांना गावोगावची बोलावणी असायची. दादा लहानपणी त्यांच्या मागे कोरसात उभा राहायचा. एकदा कार्यक्रम संपल्यावर आप्पा चारचौघांत म्हणाले, "सुध्या, तुला कान हाय, पन गळा न्हाई." दादा हसला, आणि त्यानंतर कधीच गायला नाही. लाऊडस्पीकरच्या तारांशी मात्र त्याचं जे जमलं ते कायमचं. नोकरी लागल्यावर त्यानं हळूहळू रेकॉर्ड प्लेअर, रेडिओचा ट्यूनर, कॅसेट डेक असं एकेक आणलं आणि सगळ्यांच्या तारा एका प्रीअॅम्पच्या, म्हणजे स्पीकरकडं कोणाचा आवाज सोडायचा ते निवडणाऱ्या डब्याच्या, पाठीत नेऊन खोचल्या. मी विचारलं तर म्हणाला, "अगं, सगळे एकदम बोलले तर काय कळणार? हा एकेकाला बोलू देतो."

मग आप्पांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. त्यानंतर घरात गाणं लागलं की आप्पा उठून बाहेर जात. दादानं मशिनांच्या कपाटावर चादर टाकली ती टाकलीच... पुढं एका रविवारी आप्पांचे जुने पेटीवाले, नामदेवकाका, राजूरहून आले. सोबत स्पूलचा टेपरेकॉर्डर. त्यावर आप्पांचा भर उमेदीतला एक कार्यक्रम होता. काका म्हणाले, "टेपची पट्टी लई कुजलीय, सुधाकर. एकदा वाजंल. पुन्हा वाजंल का, ते काय मला सांगता यायचं न्हाई."

म्हणजे कॅसेटवर उतरवून घ्यायचं ते पहिल्याच फेरीत. दादानं चादर काढली. स्पूलची तार प्रीअॅम्पच्या एका रिकाम्या जागी लावली, तिथून दुसरी तार कॅसेट डेकला नेली. आधी रेडिओ लावून थोडं भरून पाहिलं, ते स्वच्छ आलं. पण स्पूलचं मशीन नुसतं चालू केलं तरी स्पीकरमधून घरघर यायला लागली. दादा घामाघूम. तारा बदलल्या, पिना घासल्या, काही फरक पडेना. शेवटी सगळ्यांचे प्लग वेगवेगळ्या बोर्डांतून काढून त्यानं एकाच बोर्डात लावले, आणि घरघर थांबली. पट्टी फिरायला लागली, नि आप्पांचा आवाज घरात आला.

आप्पा ओट्यावर बसले होते. आता उठून जातील असं मला वाटलं. ते उठले, पण आत आले. दारातच उभे राहिले, मग हळूच खाली बसून मांडीवर ठेका धरला. आई पदराआड रडत होती. तिसरं गाणं आप्पांनीच रचलेलं. शेवटच्या अंतऱ्यावर आलं आणि पट्टी तुटली.

आप्पांचा ठेका मात्र थांबला नव्हता. ते दादाकडं बघत होते, ओठ हलत होते, पुढचे शब्द म्हणत होते, आवाजावाचून. दादानं मान हलवली, "आप्पा, मला नाही यायचं." आप्पांनी मांडीवरची थाप आणखी जोरात मारली. तेव्हा दादानं माईक प्रीअॅम्पला जोडला, बटण फिरवलं, आणि आप्पांच्या ओठांवर नजर ठेवून उरलेला अंतरा गायला. गळा कापत होता. एके ठिकाणी सूर गेलाही. गाणं संपल्यावर आप्पा जवळ गेले आणि त्यांनी दादाच्या गळ्यावर तळवा ठेवला... बराच वेळ तसाच ठेवून होते. त्यानंतर घरात रोज संध्याकाळी गाणी लागायची, आणि आप्पा ऐकत बसायचे.

परवा मी माहेरी गेले तेव्हा वहिनीनं एक सांगितलं. भेटायला येणाऱ्यांना बसायला जागा व्हावी म्हणून ती ते कपाट भिंतीला लोटायला गेली होती. तारा लावायला दादाला मागं शिरावं लागे, म्हणून त्यानं ते कायम भिंतीपासून पुढं ओढून ठेवलेलं. आप्पांनी तिचा हात धरला. वहिनी म्हणाली, "आप्पा, आता कशाला लागतीय ती जागा?" आप्पांनी कपाट पुन्हा पुढं ओढलं, मागं जाऊन स्वतः उभं राहून पाहिलं, आणि दोन्ही हातांनी तिला दाखवलं... एवढी राहू दे. एका माणसापुरती.