खालच्या गल्लीचं कडवं

"थांबा बाबू, पयले ठेका, मंग गोष्ट!" असं म्हणून ती हाताशी येईल त्यावर दोन बोटं वाजवायची. फायलींचं कपाट, कूलरचा पत्रा, एकदा तर भेटायला आलेल्या एका कंत्राटदाराचं हेल्मेट. ठेका बसला की मग सांगणार, मोठ्या साहेबांनी बोलावलंय. तोवर मोठे साहेब दुसऱ्यांदा घंटी वाजवून मोकळे झालेले असायचे.

ती आमच्याकडे शिपाई होती. अमरावतीतलं कोणतं सरकारी कार्यालय ते सांगत नाही, उगाच कुणाला तरी लागायचं. मी अकोल्याहून बदली होऊन आलो आणि आस्थापनेचं टेबल माझ्या गळ्यात पडलं. आस्थापना म्हणजे लोकांच्या रजा, बढत्या आणि नोटिसा. सगळे तिला मावशी म्हणत, मीही म्हणू लागलो. तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल, ज्याचं कागदावरचं काम पाणी देणं असतं आणि खरं काम भलतंच.

मावशीचं खरं काम गाणं. बडनेऱ्याच्या तिच्या वस्तीतल्या पाच बायका आणि ती, असं पथक होतं. एक ढोलकी, एक खंजिरी, बाकी नुसते गळे. दर रविवारी हे पथक एखाद्या गावात जायचं आणि सोमवारी मावशी बसलेल्या आवाजात आम्हाला चहा द्यायची.

मी तेव्हा खात्याच्या परीक्षेचा अभ्यास करत होतो. दुपारच्या सुट्टीत गाइड उघडून स्वातंत्र्यलढ्याचं प्रकरण मोठ्याने वाचायचो. कारणे, टप्पे, परिणाम. एक दिवस ती डबा धुऊन आली आणि माझ्या टेबलापाशी उभी राहिली.

"याच्यात गाणं कुठी हाये?"

"गाणं नाही मावशी. ठराव आहेत, परिषदा आहेत."

"बाप्पा! मंग एवढे लोकं उठले कायच्यानं? ठराव वाचून?"

मला हसू आलं आणि तिला राग. तिथेच खुर्ची ओढून तिने मला देशाचा जो इतिहास सांगितला, तो कोणत्याच गाइडात नाही. तिचे आजोबा प्रभातफेरीत डफ वाजवायचे. जातीमुळे त्यांना सगळ्यांच्या मागून चालायला सांगत. "डफ मांगं असला म्हून काय झालं? समोरच्याइचे पाय त्याच्याच तालावर पडत! फेरी कोन चालवून राह्यलं, बुढ्याले बरोब्बर ठाऊक होतं." धम्मदीक्षेनंतर वडील आंबेडकरी जलशात गाऊ लागले. ज्या गावात अर्ज वाचणारा एक माणूस नव्हता, तिथे लेकरं शाळेत घाला हे सांगायला गाणं गेलं आणि गाण्यामागून पाटी गेली. पुढे साक्षरतेची मोहीम आली, तोवर हिचा स्वतःचा गळा तयार झाला होता.

"भाषण ऐकून लोकं घरी जाते बाबू. गाणं तं त्याइच्या संगंच घरी जाते."

हे वाक्य मी परीक्षेत उत्तराच्या शेवटी लिहून आलो. त्या पेपरात मी नापास झालो, पण ते वाक्य मला आजही पटतं.

पथकाची एक रीत होती, ती मात्र नीट सांगायला हवी. गाणं सगळ्या गावांत एकच, पण शेवटचं कडवं त्या त्या गावाचं. गावात पोचलं की ढोलकी पिशवीतच ठेवायची, आधी बायकांत जाऊन बसायचं आणि विचारायचं, "काय दुखते इथं?" कुणी दारूचं दुकान सांगे, कुणी पोरींच्या शाळेला एसटी नाही म्हणे. तासाभरात मावशी त्याचं कडवं करायची आणि मग ते गावासमोर, सगळ्यांच्या तोंडावर म्हणायची. नाव मात्र कुणाचंच घ्यायचं नाही. "नाव घेतलं का भांडण होते. नाई घेतलं का जो तो आपल्याच घराकडे पाह्यते."

एका रविवारी मीही सोबत गेलो. भातकुलीकडची दोन गावं होती, एक दुपारचं, एक संध्याकाळचं. नावं सांगत नाही, नाहीतर पुन्हा तक्रार यायची. पहिल्या गावात बायकांनी सांगितलं, पाण्याची टाकी झाली, पण खालच्या गल्लीचा वॉल्व्ह बंद ठेवतात, तिथे पाण्याला बारी, म्हणजे रांग. मावशीने झटक्यात कडवं केलं:

टाकी भरली गावामंदी, पाईप गेला दारी,
वरच्या गल्लीत फुलझाडं भिजते, खालच्या गल्लीत बारी.
सांगा सांगा कारभारी, पाणी कोनाच्या घरी?

गाव हसलं, चिडलं, टाळ्या पडल्या. आम्ही दुसऱ्या गावाला निघालो.

तिथे बायका काही बोलेचनात. गावचा कारभारी, निवडून आलेला माणूस, स्वतः चहाची किटली घेऊन शेजारीच उभा होता. शेवटी एकीने शाळेचं छत गळतं असं सांगितलं. मावशीने छताचं कडवं केलं. ग्रामपंचायतीसमोरच्या ओट्यावर गाणं उभं राहिलं, रंगलं, शेवट आला आणि दिवसभराच्या थकव्याने म्हणा, नाहीतर चालीच्या ओघात म्हणा, मावशीच्या तोंडून छताऐवजी दुपारच्या गावाचं पाण्याचं कडवं गेलं!

ढोलकीवालीने तिला कोपराने ढोसलं. मावशीने जीभ चावली. कारभाऱ्याने हातातली किटली खाली ठेवली आणि मी मनात शेवटच्या एसटीची वेळ आठवू लागलो.

मग सगळ्यात मागे बसलेली एक काटकुळी बाई उभी राहिली. "अजून एक डाव म्हना," ती म्हणाली. तिच्या शेजारची उठली. मग तिच्या शेजारची. इथेही खालच्या गल्लीचा वॉल्व्ह बंदच होता! चार महिन्यांपासून! कारभारी उभा होता म्हणून बायकांनी छत सांगितलं होतं. दुसऱ्यांदा पथकासोबत दहा गळे होते, तिसऱ्यांदा अख्खी खालची गल्ली. माझ्या अंगावर काटा आला. दरवर्षी गाइडात वाचलेलं लोकजागृती नावाचं काहीतरी माझ्यासमोर पदर खोचून गात होतं आणि मी वेड्यासारखा टाळ्या वाजवत होतो.

त्या आठवड्यात बायका रिकाम्या घागरी घेऊन, तेच कडवं म्हणत ग्रामपंचायतीवर गेल्या. गुरुवारी वॉल्व्ह उघडला. शुक्रवारी तक्रार आली, आणि ती कुणाच्या टेबलावर येणार? माझ्याच. सरकारी नोकर असून राजकारण केलं, लोकप्रतिनिधीविरुद्ध गाणं म्हटलं, कारवाई व्हावी. मावशीला निवृत्तीला आठ महिने उरले होते. शिक्षा झाली असती तर पेन्शन अडकली असती. तिच्या नावाची नोटीस मीच टाइप केली, त्या दिवशी मला डबा गेला नाही.

आणि मग मला एकदम सुचलं. अहो, खरं बोलूनच सुटका होत होती! मी तिच्या वतीने खुलासा लिहिला: "सदर कडवे दुसऱ्या गावासाठी रचलेले असून माझ्याकडून ते चुकून म्हटले गेले. त्याचा तक्रारदाराच्या गावाशी काहीही संबंध नाही." मी धावतच तिच्याकडे गेलो. फक्त सही हवी होती.

तिने तो दोनदा वाचून घेतला.

"चुकून म्हटलं, हे खरं हाये. पन संबंध नाई, हे कसं लिवू?"

"मावशी, पेन्शनचा प्रश्न आहे!"

"थ्या बाया उभ्या राह्यल्या ना बाबू. उद्या थो कारभारी हा कागद गावात दाखवन. पाहा म्हनन, गानारीच म्हनते तुमचा काई संबंध नाई. मंग वॉल्व्ह पुन्हा बंद. चूक माही हाये, दुखनं त्याइचं हाये."

ती शूर वगैरे नव्हती. घाबरलेली होती, पेन्शन नक्की किती अडकेल ते तिने मला पुन्हा विचारलं. पण दुसरं वाक्य तिने आडवी रेघ मारून खोडलं आणि पहिल्याखाली सही केली. मी तिच्यावर खूप चिडलो. दोन दिवस तिच्या हातचा चहा घेतला नाही, आज त्याची लाज वाटते.

चौकशी अधिकारी म्हणून नेमलेल्या आमच्या मॅडमच्या दालनात चौकशी होती. कारभारी कडक इस्त्रीत आला होता. मी फाइल घेऊन बसलो, मावशी भिंतीला टेकून उभी. मॅडमनी तक्रार वाचली आणि म्हणाल्या, "यात गाण्याचे शब्दच नाहीत. गाणं काय होतं?"

मावशी तोंड उघडणार, तोच व्हरांड्यातून आवाज आला. टाकी भरली गावामंदी! चौकशीची बढाई कारभाऱ्यानेच गावभर मारली होती, ती ऐकून खालच्या गल्लीतल्या अकरा बायका पहिल्या एसटीने आल्या होत्या आणि दाराबाहेर फरशीवर बसल्या होत्या. शिपायांनी गप्प करायचा प्रयत्न केला, पण त्यांची सीनियर तर आत आरोपी म्हणून उभी! मॅडमनी बायकांना आत बोलावलं. "हे गाणं कुणाचं आहे?" त्यांनी विचारलं. काटकुळी बाई पुढे झाली. बोलली नाही, गायलीच, आणि बाकीच्यांनी उचललं:

गाणं कोनाचं इचारते सायेब, सांगतो आमी सारी,
जिची घागर रिकामी राह्यली, तिचीच ललकारी!

कारभारी वर पंख्याकडे पाहू लागला. मॅडमनी तक्रारीचा कागद बाजूला सारला आणि मला मजकूर सांगितला: सदर गीत आपलेच असल्याचे गावातील महिलांनी समक्ष सांगितले, सबब तक्रार निकाली काढण्यात येते. इतक्या आनंदात मी नोकरीत दुसरा एकही कागद टाइप केलेला नाही.

मावशी वेळेवर निवृत्त झाली, पूर्ण पेन्शन घेऊन अकोल्याला लेकीकडे गेली. गेल्या वर्षी ती वारली. फोन आला तेव्हा मी कार्यालयातच होतो, आणि उठून व्हरांड्यात जाऊन रडलो.

पण बायका दालनात गात होत्या, तेव्हा ती काय करत होती हे मी अजून सांगितलं नाही. ती गात नव्हती. गाणं चालू आहे आणि मावशी गप्प आहे, असं मी तोवर कधी पाहिलंच नव्हतं. शेवटच्या दोन ओळी तिच्या नव्हत्या, गाणं कुणाचं हे साहेब विचारणारच, म्हणून बायकांनी येताना एसटीत केल्या होत्या. त्या ऐकल्या आणि तिने मला दंडाला धरून गदागदा हलवलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती लहान पोरीसारखी हसत होती.

"लवकर लिवून घ्या बाबू," ती म्हणाली, "हे कडवं मले येत नाई!"