तिसऱ्या बोरचा फॉर्म

"मामा, तुमचं घर जमिनीत किती फूट खोल गेलंय?" लेबर ऑफिसर मॅडमनी माझा फॉर्म हातात धरून विचारलं.

फॉर्मवर कारण लिहिलं होतं, घरदुरुस्ती. दोन वर्षांत तिसऱ्यांदा.

मी सहकारी साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट होतो. शाळा चौथीपर्यंत, पण बॉयलरचं सर्टिफिकेट पक्कं. रिटायर व्हायला तीन वर्षं होती. दुष्काळामुळं ऊस नव्हता, गाळप बंद. शेतात दोन बोर घेतले होते, दोन्हीतून नुसता फुफाटा उडाला. पैसा पीएफचा. पीएफ म्हणजे दर महिन्याला पगारातून कापलेला पैसा. कारखाना त्यात आपला वाटा घालतो आणि म्हातारपणी तो आपल्याला मिळतो. माझा अर्धा आधीच जमिनीत गेला होता. हा फॉर्म उरलेल्याचा, तिसऱ्या बोरसाठी.

"माझा पैसा हाय," मी म्हणालो. "कुठं घालायचा ते मी बघन."

"बघा. पण गुरुवारी कँटीनमध्ये रिटायरमेंटचा क्लास ठेवलाय. मामींना घेऊन या, मग फॉर्मवर सही करते."

"बायकोचा काय संबंध? ती काय बॉयलरवर हाय?"

"म्हातारपण एकटेच काढणार आहात का?"

मी दार जोरात लावून निघालो.

गुरुवारी बायका पुढच्या बाकांवर आणि आम्ही पुरुष मागं, चहाच्या टाकीजवळ. मॅडमनी ज्याची त्याला पीएफची स्लिप दिली. माझी आमच्या मंडळीनं, कौसानं, मागं वळून ओढून घेतली. ती सातवी शिकलेली.

"इथं दोनदा पैसा निघालाय," ती म्हणाली.

"घरदुरुस्ती."

"कुणाच्या घराची?"

मागचे सगळे हसले. बोर बोनसच्या पैशातून घेतले, असं मी तिला सांगितलं होतं.

मॅडम माझ्याकडं वळल्या. "मामा, बॉयलरच्या काचेत पाणी खुणेखाली गेलं तर काय करता?" बॉयलरला एक काच असते, आत पाणी किती ते तीत दिसतं.

"जाळ काढतो. स्टीम बंद. कारखान्याचा एमडी आला तरी देत न्हाई."

"आणि पीएफ खुणेखाली गेला तर?"

"पीएफला काच नसती."

"मामींच्या हातात आहे ती काचच आहे."

मी हार मानणारा नव्हे. सगळ्यांदेखत सांगितलं, की या वेळी पाणी लागणारच. लिंबाजीचा नारळ उभा राहिलाय.

लिंबाजी आमच्याकडं ऊस उतरवायच्या यार्डात सीझनल कामगार. सीझनल म्हणजे गाळपापुरतं काम. वरून तो पाणाड्या. तळहातावर आडवा नारळ ठेवून रान फिरायचा. नारळ उभा राहिला की खाली पाणी. अर्ध्या कारखान्याच्या बोरच्या जागा त्यानंच दाखवल्या होत्या. तो कोपऱ्यात बशीनं चहा पीत होता.

"लिंबाजी, तुमच्या शेतात किती बोर?" मॅडमनी विचारलं.

"एकबी न्हाई."

"का रं?" हे मी विचारलं.

लिंबाजीनं बशी खाली ठेवली. "दादा, माझ्या रानातबी नारळ उभा राहतोय की. पर तिथं पैसा माझा लागंल."

"मग पाणी कुठलं पितोस?" मी विचारलं.

"टँकरचं. गाळप संपलं की आमाला अर्धाच पगार. अर्ध्यात भागवायची सवय हाय. पीएफला हात लावला न्हाई."

कौसा उठली, मॅडमकडून माझा फॉर्म मागून घेतला, त्याची स्लिपसंगं घडी केली आणि कनवटीला खोचली. "घरदुरुस्तीचं मी बघते," ती म्हणाली. पुढचा क्लास काय झाला ते मला आठवत नाही.

लिंबाजीशी मी वर्षभर बोललो नाही. रिटायर झालो तेव्हा उरलेला अर्धा जागेवर होता. आज तो बँकेत आहे, दोघांच्या नावावर. पासबुक तिच्याच कनवटीला. पैसा घालायची जागा कुणी दाखवली, तर आधी त्याचं स्वतःचं रान बघून यावं, एवढं मी शिकलो.

तरी तिसऱ्या बोरच्या जागी पाणी आहे, हे मी आजही म्हणतो. आम्ही शेतातच राहतो. त्या जागेवर मी खुणेचा दगड ठेवलाय, कौसा त्यावर कपडे धुते. मी जरा जास्त वेळ दगडाकडं बघत उभा राहिलो, की ओल्या हातानं ती आधी कनवटी चाचपते.