अनसाबाई आणि समोरचं वारं

अनसाबाईने होडी उलटवली तेव्हा मी तिच्यासोबत होते. कारंजा धरणाचं पाणी फेब्रुवारीत गार असतं. लाइफ जॅकेटने मला बुचासारखं वर काढलं. पलीकडे अनसाबाईचं डोकं दिसलं. तिने पाणी थुंकलं आणि विचारलं, "पवी, ह्यो शिडाचा दांडा कामून फिरला गं?"

ती ओरडली नाही. घाबरलीही नाही. तिला फक्त कारण हवं होतं.

मी गुलबर्ग्याहून साहित्यात एम.ए. करून सीमाभागातल्या आमच्या मेहकर गावी परतले होते. आता पुढे काय, असं घरी रोज विचारत. धरणावर कुणी विचारत नसे, म्हणून मी दर रविवारी स्कूटी घेऊन तिकडे जायला लागले. तिथे सिद्धेश्वरअण्णांचा क्लब आहे. क्लब म्हणजे पत्र्याची शेड, लिंबाचं झाड आणि शिडाच्या दोन जुन्या होड्या. एका शिडाला ताडपत्रीचं ठिगळ आहे. अण्णा नौदलात होते. निवृत्त होऊन गावी आले आणि त्यांना करमेना. त्यांचे वर्ग नाहीत, फळा नाही. जो येईल त्याने होडी ढकलायची, पुढच्या छोट्या शिडाची दोरी सांभाळायची, अण्णा ओरडतील तेव्हा या कडेवरून त्या कडेवर सरकायचं. तीन महिने हे केलं की अण्णा सुकाणू हातात देतात. दोनदा होडी पाडली की काढून घेतात. मग कायम दोरीवर.

या पडण्याने अनसाबाईची एक वेळ झाली होती.

ती क्लबात शेळ्यांमुळे आली. तिच्या सासऱ्याच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती. आता सहा शेळ्या आणि लोकांच्या रानातली मजुरी. एका रविवारी ती काठावर शेळ्या चारत होती आणि अण्णांची होडी मधोमध थांबली होती. वारा मेला होता. शीड ओल्या लुगड्यासारखं लोंबत होतं. काठावरून अनसाबाई ओरडली, "अण्णा, दोरी धरा! बाभळीकडनं यायलाय!"

बाभळीचं पानही हललं नव्हतं. अण्णा हसले. तेवढ्यात शीड फटकन भरलं आणि अण्णा मागे पडले.

काठाला लागल्यावर त्यांनी विचारलं, "तुला कसं कळलं?"

"कानाच्या मागं गार लागतंय आधी."

"होडीत बसतीस का?"

"म्या? कामून?"

"वारं सांगायला."

तिने लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि बसली. शेळ्या मला बघायला लावल्या. एम.ए. झालेली मी सहा शेळ्यांमागे पळत होते आणि पन्नाशीची अनसाबाई पाण्यावर होती.

कानामागचं गार तिला धरणाकाठच्या खळ्यावर कळायला लागलं. तीस वर्षं तिने तीन पायांच्या उंच तिवईवर उभं राहून तूर वाऱ्यावर उपणली. सूप डोक्यावर धरायचं, हळूहळू रिकामं करायचं. दाणे खाली पडतात, भूस वाऱ्यासोबत जातं. आता मळणीयंत्र आलं. उपणायला कुणी बोलवत नाही.

मी एकदा विचारलं, "मावशी, तुला सुकाणू कशाला हवं?"

ती म्हणाली, "भूस वारं घेऊन जायचं. म्या हितंच. कुठवर जातंय ते कधी बघितलं न्हाई."

तिचं वाक्य मी घरी जाऊन वहीत उतरवलं. दोन वर्षं मी कवितांवर टिपणं काढत होते.

तर होडी पडली. शेडमध्ये आम्ही दोघी निथळत उभ्या होतो. अण्णा म्हणाले, "अनसाबाई, झोत आला की होडीचं नाक वाऱ्याकडं करायचं, हे किती वेळा सांगितलं? तू पाठ फिरवलीस. वारं मागनं आलं, दांडा या कडेचा त्या कडेला गेला, खेळ खलास. शेळी वळवायलीस का होडी?"

"शेळी बरी. शेळीला दांडा न्हाई."

"आणिक एकदा पडलीस तर दोरीच."

"व्हय, माहीत हाय."

ती हसली नाही. दात वाजत असतानाही ती त्या दांड्याकडे बघत होती.

बुधवारी मी तिच्या घरी गेले. घरची तूर थोडी होती, यंत्रवाला तेवढ्यासाठी येत नाही. म्हणून ती उपणत होती. मी हट्टाने सूप घेतलं आणि तिवईवर चढले. वारा आला. मी त्याच्याकडे बघितलं आणि सगळं भूस माझ्या डोळ्यांत गेलं.

"अगं, पाठ दे वाऱ्याला! तोंड दिलंस की डोळं गेलं म्हून समज."

मी डोळे चोळत खाली उतरले. ती माझ्या हातातलं सूप घेता घेता थांबली.

"पवी. म्या होडीत बी पाठच दिली."

पुढचा अर्धा तास मी विसरणार नाही. ती सूप भुसाने भरायची, तिवईवर चढायची आणि कानामागे गार लागलं की मुद्दाम वाऱ्याकडे तोंड करून सूप ओतायची. डोळे मिटून, ओठ दाबून. केस, पापण्या, गळा, सगळं पिवळं झालं. तिचा नवरा काशाप्पा पाण्याची घागर घेऊन आला आणि जागीच थांबला.

"भुसानं तोंड धुवायलीस काय?"

"शिकायलेय."

"काय शिकायलीस?"

"उभं राहायला."

तो माझ्याकडे वळला. "तुम्ही शिकलेली माणसं हिला काय सांगायलाव ओ?"

मी काहीच सांगत नव्हते.

रविवारी अण्णा काठावर राहिले. सुकाणूवर अनसाबाई, पुढे दोरीवर मी. अण्णांनी फक्त एक बोट दाखवलं. एकच संधी, असा त्याचा अर्थ.

आम्ही निम्म्या पाण्यावर आलो. तिने मान किंचित तिरपी केली.

"आला."

मला काहीच जाणवलं नव्हतं. मग पाण्यावरून काळी सुरकुती पळत आली. झोत बसला, होडी कलली, मी कडेवर लटकले. मागे बघितलं तर अनसाबाईचा खांदा वळत होता. पाठ वाऱ्याला निघाली होती. तीस वर्षांची पाठ.

खांदा थांबला. मग उलटा फिरला. तिने डोळे गच्च मिटले, ओठ दाबले आणि तोंड वाऱ्यात घातलं. हातातलं सुकाणू त्याच अंगाने गेलं. होडीचं नाक वाऱ्याकडे आलं. शीड फडफडलं. होडी सरळ झाली आणि उभी राहिली.

अनसाबाईने एक डोळा उघडला.

"भूस न्हाई," ती म्हणाली. "नुसतं वारंच हाय की गं."

काठावर अण्णा दोन्ही हात हलवत होते. परत या म्हणत होते. तिने तिकडे बघितलं आणि होडी दुसरीकडे वळवली, वाऱ्याच्या वाटेवर. दांडा तिने या वेळी हाताने धरून सावकाश नेला. आम्ही पलीकडच्या काठाला लागलो.

तिथे पाण्याच्या कडेला कचऱ्याची लांब रेघ होती. काटक्या, बगळ्याची पिसं, एक रबरी चप्पल. अनसाबाई गुडघाभर पाण्यात उतरली, वाकली आणि ओंजळ भरून वर आली. ओंजळीत तुरीचं भूस होतं. भिजलेलं, काळपट.

"हितवर येतंय व्हय," ती म्हणाली.

तिने ते बोटांनी चिवडून बघितलं. पुन्हा पाण्यात सोडलं. ते हललंही नाही.

परतीचं वारं समोरून होतं. मी होडी ढकलली आणि दोरी धरली. अनसाबाई सुकाणूवर बसली.

"चल," ती म्हणाली, "तोंडावर घेत जाऊ."